घरगुती संगणक आणि मराठी डीटीपी

घरगुती संगणक आणि मराठी डीटीपी हा विषय दोन प्रश्नांशी निगडित आहे. १९८० च्या दशकात घरोघरी पोहोचलेले स्वस्त संगणक पानजुळणीच्या व्यवसायात का टिकू शकले नाहीत, हा पहिला प्रश्न. मराठी छपाईसाठी अखेर आयबीएम-सुसंगत पीसी हाच एकमेव व्यवहार्य मार्ग का उरला, हा दुसरा. डेस्कटॉप पब्लिशिंग म्हणजे संगणकावर मजकूर आणि चित्रे यांची मांडणी करून छपाईयोग्य पान तयार करणे. महाराष्ट्रात हे काम सर्वत्र 'डीटीपी' या संक्षेपानेच ओळखले जाते. एखादी संगणक-प्रणाली या क्षेत्रात यशस्वी होईल की नाही, हे केवळ तिच्या वेगावर किंवा चित्रक्षमतेवर अवलंबून नसते. पडदा, फॉन्ट, पानजुळणीचे सॉफ्टवेअर, प्रिंटर आणि छापखाना ही एक साखळी असून तिचा एक दुवा तुटला तरी काम थांबते. मराठीच्या बाबतीत या साखळीत देवनागरी अक्षरांची घडण हा आणखी एक दुवा येतो. कोल्हापूरसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी कोणता संगणक विकत घ्यावा, हे प्रामुख्याने याच दुव्याने ठरवले.

## पार्श्वभूमी

डीटीपीपूर्वी मराठी मजकूर शिशाचे खिळे जुळवून छापला जाई. रोमन लिपीच्या तुलनेत देवनागरीची केस बरीच मोठी असे. स्वर, व्यंजने, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, काने, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि अनुस्वार मिळून खिळ्यांचे शेकडो प्रकार हाताशी ठेवावे लागत. अक्षराच्या वरची आणि खालची चिन्हे कशी बसवायची, यावरून 'डिग्री' आणि 'अखंड' अशा दोन पद्धती छापखान्यांत रूढ होत्या. या प्रश्नांचा सविस्तर विचार बापूराव नाईक यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देवनागरी मुद्राक्षरकलेवरील ग्रंथात केला आहे. ल. श्री. वाकणकर यांनीही देवनागरीची यांत्रिक आणि पुढे संगणकीय घडण या विषयावर दीर्घकाळ काम केले.

कोल्हापूर हे मराठी छपाईचे एक महत्त्वाचे ठिकाण आहे. ग. गो. जाधव यांनी १९३० च्या दशकात सुरू केलेले 'पुढारी' हे दैनिक याच शहरातले. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठामुळे पाठ्यपुस्तके, प्रबंध आणि नियतकालिके यांच्या कामात भर पडली. बाबूराव पेंटर यांच्या काळापासून चित्रपटाच्या भित्तिपत्रकांची आणि हाताने रंगवलेल्या अक्षरांची परंपराही येथे होती. त्याशिवाय सहकारी साखर कारखाने, दूध संघ आणि पतसंस्था यांचे वार्षिक अहवाल, लग्नपत्रिका, कुस्तीच्या मैदानांची आणि जत्रांची हस्तपत्रके, निवडणुकीचे प्रचारसाहित्य, दिवाळी अंक असे बारमाही काम या भागातील छोट्या छापखान्यांकडे येत असते. यातील बहुतेक काम मराठीत, ठरलेल्या तारखेला आणि कमी दरात द्यावे लागते. डीटीपीचे तंत्रज्ञान येथे पोहोचले तेव्हा त्याची कसोटी याच कामावर लागली.

## घरगुती संगणकांच्या मर्यादा

'घरगुती संगणक' ही संज्ञा साधारणपणे १९८० च्या दशकातील सिंक्लेअर स्पेक्ट्रम, कमोडोर ६४, बीबीसी मायक्रो, अटारी एसटी आणि कमोडोर अमिगा अशा यंत्रांसाठी वापरली जाते. भारतात बीबीसी मायक्रो हा संगणक १९८४-८५ मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' या शालेय संगणक साक्षरता प्रकल्पामुळे शाळांत पोहोचला. स्पेक्ट्रमची परवान्याने तयार केलेली भारतीय आवृत्ती डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने बाजारात आणली होती.

| संगणक | वर्ष | मूळ स्मृती | पडद्यावरील बिंदू |
|---|---|---|---|
| बीबीसी मायक्रो (मॉडेल बी) | १९८१ | ३२ केबी | कमाल ६४० × २५६ |
| सिंक्लेअर स्पेक्ट्रम | १९८२ | १६ किंवा ४८ केबी | २५६ × १९२ |
| कमोडोर ६४ | १९८२ | ६४ केबी | ३२० × २०० |
| ॲपल मॅकिंटॉश ५१२के | १९८४ | ५१२ केबी | ५१२ × ३४२ |
| अटारी ५२० एसटी | १९८५ | ५१२ केबी | ६४० × ४०० (एकरंगी) |
| कमोडोर अमिगा ५०० | १९८७ | ५१२ केबी | ६४० × २५६ (आंतरविणीत ५१२) |

### स्मृती

लेझर प्रिंटरची प्रचलित घनता इंचाला ३०० ठिपके अशी होती. या घनतेने ए-४ आकाराचे एक पान २४८० × ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपक्यांचे होते. प्रत्येक ठिपक्याला एक बिट धरला तरी ते साठवायला सुमारे १,०६२ केबी स्मृती लागते. ४८ केबी स्पेक्ट्रमच्या संपूर्ण स्मृतीच्या हे बावीसपट आहे. त्यामुळे अशा संगणकांवर तयार होणारी पाने टीव्हीच्या पडद्यावरील जाड ठिपक्यांची आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या दर्जाची असत. बीबीसी मायक्रोवरील 'फ्लीट स्ट्रीट एडिटर' किंवा कमोडोर ६४ वरील 'जिओपब्लिश' यांसारखी पानजुळणीची सॉफ्टवेअर उपलब्ध होती. शाळेच्या वार्तापत्रासाठी ती पुरेशी होती, ग्राहकाकडून पैसे घेऊन छापून देण्याच्या पुस्तकासाठी मात्र नव्हती.

### पडदा

घरगुती संगणक सहसा टीव्हीला जोडून वापरले जात. स्पेक्ट्रमच्या पडद्यावर एका अक्षरासाठी ८ × ८ ठिपक्यांची चौकट मिळे. रोमन अक्षर त्यात कसेबसे बसते. देवनागरीला मात्र तीन थर लागतात: शिरोरेषेवर मात्रा, वेलांटी, रफार व अनुस्वार, मध्ये मूळ अक्षर आणि खाली उकार किंवा ऋकार. आठ ओळींत हे तीन थर वाचनीय बसवणे अशक्यप्राय होते. अमिगाचा रंगीत पडदा त्या काळी अपूर्व मानला जाई. परंतु त्याची उच्च घनता आंतरविण पद्धतीने मिळत असल्याने चित्र लुकलुके आणि तासन्‌तास बारीक मजकुराचे मुद्रितशोधन करणे डोळ्यांना त्रासाचे होई. त्या मानाने अटारी एसटीचा एकरंगी पडदा स्थिर होता आणि पानजुळणीला अधिक सोयीचा होता.

### प्रिंटर आणि छापखाना

डीटीपीचा खरा आरंभ १९८५ मध्ये झाला असे मानले जाते. त्या वर्षी ॲपलचा लेझररायटर प्रिंटर, त्यात बसवलेली ॲडोबीची पोस्टस्क्रिप्ट ही पानवर्णनाची भाषा आणि ऑल्डस कंपनीचे पेजमेकर हे सॉफ्टवेअर एकत्र आले. 'डेस्कटॉप पब्लिशिंग' हा शब्दप्रयोग ऑल्डसचे संस्थापक पॉल ब्रेनर्ड यांच्या नावावर आहे. यातील निर्णायक गोष्ट अशी की पान ठिपक्यांत उलगडण्याचे काम मॅकिंटॉश करीत नसे. लेझररायटरमध्ये स्वतंत्र प्रक्रियक आणि १.५ एमबी स्मृती होती, म्हणजे त्याला जोडलेल्या संगणकापेक्षा अधिक. शिवाय तीच पोस्टस्क्रिप्ट फाइल ३०० ठिपक्यांच्या प्रिंटरवर प्रूफ म्हणून आणि हजाराहून अधिक ठिपक्यांच्या फोटोटाइपसेटरवर अंतिम फिल्म म्हणून काढता येई. त्यामुळे टेबलावरचे पान आणि छापखान्यातले पान एकच राहिले.

अटारीने १९८७ मध्ये एसएलएम-८०४ हा स्वस्त लेझर प्रिंटर आणला. त्यात स्वतंत्र स्मृती आणि पोस्टस्क्रिप्ट नव्हती, पान संगणकाच्याच स्मृतीत तयार व्हायचे. त्यामुळे खर्च वाचला, पण ५१२ केबीचा मूळ संगणक त्यासाठी अपुरा ठरला आणि अधिक स्मृतीची यंत्रे घ्यावी लागली. अटारीवरील 'कॅलमस' हे सॉफ्टवेअर गुणवत्तेत उजवे होते आणि जर्मनीत त्याचा चांगला वापर झाला. 'पेजस्ट्रीम' हे अटारी व अमिगा या दोन्हींवर चाले. परंतु बाहेरच्या फिल्म-केंद्रांत मॅकिंटॉश आणि पीसीच्या फाइल घेण्याची सोय होती, इतरांसाठी ती क्वचितच मिळे. पान उत्तम जुळले तरी ते पुढे कोण घेणार, हा प्रश्न सुटला नाही. पुढे अटारीने एसटी मालिका बंद केली आणि १९९४ मध्ये कमोडोर कंपनी दिवाळखोरीत निघाली. दरम्यान अमिगाने चलचित्रांवर अक्षरे टाकण्याच्या कामात नाव मिळवले. जे यंत्र टीव्हीच्या पडद्याशी जुळते घेण्यासाठी घडवले होते, ते टीव्हीच्या कामातच यशस्वी झाले, असे याचे वर्णन करता येईल.

## देवनागरीच्या खास गरजा

वरील मर्यादा सर्व भाषांना लागू होत्या. मराठीसाठी त्यावर आणखी काही गरजांची भर पडते. 'कोल्हापूर' हा शब्द चार अक्षरांचा आहे. पण त्यात क, ओकार, ल, हलन्त, ह, काना, प, दीर्घ उकार आणि र असे नऊ घटक आहेत. 'ल्ह' हे जोडाक्षर, ओकाराची शिरोरेषेवर जाणारी मात्रा आणि 'पू'मधील खालचा उकार हे सर्व योग्य जागी बसले तरच तो शब्द नीट वाचता येतो.

* ऱ्हस्व वेलांटी: ती उच्चारात व्यंजनानंतर येते, परंतु लिहिताना आधी काढली जाते. 'शिरोळ' लिहिताना 'श' आधी साठवायचा की वेलांटी, हा निर्णय संगणकाच्या रचनेत कुठेतरी घ्यावा लागतो.
* अर्धा र: 'कऱ्हाड', 'कुऱ्हाड', 'दुसऱ्या' या शब्दांतील आडवा अर्धा र हिंदीत लागत नाही. हिंदी डोळ्यांसमोर ठेवून घडवलेल्या फॉन्टमध्ये तो नसे आणि 'दुसऱ्या'च्या जागी 'दुसर्या' असे चुकीचे रूप छापले जाई.
* मराठी वळणाची अक्षरे: ल आणि श यांची मराठी वळणे हिंदीपेक्षा वेगळी आहेत. 'ळ' तसेच इंग्रजी शब्दांसाठी लागणारी 'ॲ' आणि 'ऑ' ही चिन्हेही आवश्यक असतात. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाद्वारे वर्णमाला व लिपी यांचे प्रमाणीकरण केले.
* शब्द तोडणे आणि ओळ भरणे: वर्तमानपत्राच्या अरुंद स्तंभात ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडावा, हे इंग्रजीच्या नियमांवर ठरवून चालत नाही.

म्हणजे मराठीसाठी केवळ फॉन्ट पुरत नाही. अक्षरे जुळवण्याचे नियम, कळफलक आणि पानजुळणीचे सॉफ्टवेअर यांचा परस्परांशी मेळ बसवणारी कंपनीही लागते. ज्या संगणकाच्या मागे अशी कंपनी उभी राहिली नाही, तो मराठी छपाईच्या दृष्टीने नसल्यासारखाच होता.

## भारतातील वाटचाल

भारतीय लिप्यांसाठी कानपूरच्या आयआयटीत झालेल्या संशोधनातून 'जिस्ट' तंत्रज्ञान विकसित झाले. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने ते पुढे नेले. जिस्ट कार्ड हे पीसीच्या आत बसवायचे कार्ड होते. त्यामुळे डॉसवरील कार्यक्रमांत देवनागरी मजकूर दिसू लागला. इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाण कळफलक १९८६ मध्ये आला आणि इस्की ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली. सी-डॅकचे 'सुरेख' व 'योगेश' हे फॉन्ट आणि आयएसएम हे सॉफ्टवेअर, पुण्याच्याच मॉड्युलर कंपनीची 'श्री-लिपी', तसेच 'आकृती' यांसारखी उत्पादने पुढील काळात प्रचलित झाली. 'शिवाजी' आणि 'किरण' ही फॉन्टची नावेही डीटीपी करणाऱ्यांच्या परिचयाची आहेत.

ही उत्पादने मुख्यतः पीसीसाठी होती आणि याला आर्थिक कारण होते. १९८४ च्या नव्या संगणक धोरणानंतर सुटे भाग आणून देशात पीसी जुळवणे सोपे होत गेले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून भाग आणून जुळवलेला, 'असेंबल्ड' म्हणून ओळखला जाणारा पीसी जिल्ह्याच्या ठिकाणी दुरुस्त करता येई. मॅकिंटॉश आयात करावा लागे आणि तो महाग पडे. मॅकिंटॉशवरही भारतीय भाषांची सॉफ्टवेअर तयार झाली होती. मात्र त्याचा वापर मोठी प्रकाशने आणि महानगरांतील जाहिरात संस्था यांच्यापुरता मर्यादित राहिला. अमिगा व अटारी यांच्या विक्री-दुरुस्तीचे व्यापक जाळे भारतात उभे राहिले नाही. त्यामुळे त्यांच्यासाठी मराठी फॉन्ट करण्यात कोणत्याही कंपनीला लाभ नव्हता, आणि मराठी फॉन्ट नसल्याने छापखान्यांना ती यंत्रे घेण्याचे कारण नव्हते.

पेजमेकरची विंडोज आवृत्ती १९८७ मध्ये आली. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये ट्रूटाइप फॉन्टची सोय झाली. महागड्या पोस्टस्क्रिप्ट प्रिंटरशिवायही पडद्यावरचे अक्षर कागदावर जसेच्या तसे उमटू लागले. येथून पुढे विंडोज, पेजमेकर, मराठी फॉन्ट आणि साधा लेझर प्रिंटर हा संच महाराष्ट्रातील डीटीपी केंद्राची ओळख बनला.

## जिल्ह्याच्या ठिकाणचे डीटीपी केंद्र

कोल्हापूर पुण्यापासून सुमारे २३० किलोमीटरवर आहे. फॉन्ट घडवणाऱ्या कंपन्या पुण्यात असणे आणि पीसी दुरुस्त करणारे शहरातच असणे, या दोन गोष्टींमुळे येथील छोट्या व्यावसायिकाला पीसी सोयीचा ठरला. डीटीपी केंद्रातील कामाचा ओघ सामान्यतः पुढीलप्रमाणे असे: हस्तलिखित टंकित करणे, पेजमेकरमध्ये पान लावणे, लेझर प्रिंटरवर प्रूफ काढणे, मुद्रितशोधन आणि दुरुस्ती, आणि शेवटी ट्रेसिंग कागदावर उलटी किंवा सुलटी प्रत काढणे. त्या प्रतीवरून ऑफसेटची प्लेट तयार होई. लहान कामासाठी मिनी ऑफसेट यंत्रावर कागदी मास्टर वापरला जाई. लग्नपत्रिका आणि हस्तपत्रके यांसारख्या सजावटीच्या कामासाठी पेजमेकरऐवजी कोरलड्रॉ वापरण्याची प्रथा पडली.

या बदलाचा परिणाम रोजगारावरही झाला. खिळे जुळवण्याचे कौशल्य अनेक वर्षांच्या सरावाने येई आणि ऑफसेट व डीटीपी आल्यावर त्याला मागणी उरली नाही. त्याच वेळी मराठी टंकलेखनाच्या परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना नवे काम मिळाले. फॉन्ट-कंपन्यांनी इन्स्क्रिप्टबरोबरच टंकलेखन यंत्राचा जुना कळफलकही उपलब्ध करून दिल्याने त्यांना नव्याने शिकावे लागले नाही. ज्या बोटांना एक कळफलक सवयीचा झाला, ती दुसऱ्या प्रणालीकडे सहसा वळली नाहीत. संगणक-प्रणाली टिकण्यामागे हेही एक कारण होते.

कोल्हापूर जिल्ह्याला लागूनच निपाणी आणि बेळगाव हा द्विभाषिक परिसर आहे. तेथील कामात मराठी आणि कन्नड मजकूर एकाच पानावर लागतो. अनेक भारतीय लिप्या एकाच संचात देणारी सॉफ्टवेअर पीसीवर असल्याने अशा कामासाठीही तोच संगणक उपयोगी पडला.

## फॉन्ट-संकेतांचे कुंपण

पीसीने मराठी छपाईला वेग दिला. पण त्याची एक मोठी किंमत पुढे मोजावी लागली. त्या काळचे फॉन्ट ८-बिट होते, म्हणजे त्यांत २५६ स्थाने असत आणि त्यांतील सुमारे दोनशे प्रत्यक्ष वापरता येत. या स्थानांवर इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले जात: अर्धी अक्षरे, काना, वेगवेगळ्या रुंदीच्या वेलांट्या, जोडाक्षरे. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर इंग्रजीच असे, केवळ फॉन्टमुळे तो मराठी दिसे.

कोणता तुकडा कोणत्या स्थानावर ठेवायचा, हे प्रत्येक कंपनीने आपल्या सोयीने ठरवले. त्याचे परिणाम असे झाले:

1. एका कंपनीच्या फॉन्टमधील मजकूर दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टमध्ये निरर्थक चिन्हांत बदले.
2. विंडोज आणि मॅकिंटॉश यांची १२७ च्या पुढील संकेतांची मांडणी वेगळी असल्याने फाइल एका प्रणालीवरून दुसरीकडे नेताना जोडाक्षरे आणि मात्रा बिघडत. प्रणाली बदलणे त्यामुळे जवळजवळ अशक्य झाले.
3. इंग्रजीसाठी असलेली आपोआप दुरुस्तीची सोय मराठी मजकुरात ढवळाढवळ करी. वाक्याच्या आरंभी लहान अक्षराचे मोठे अक्षर झाले की मराठीत भलतेच अक्षर उमटे.
4. मजकूर दिसतो त्या क्रमाने साठवला जाई. 'शिरोळ' शब्दात आधी वेलांटी आणि मग 'श' येई. त्यामुळे शब्दशोध आणि अकारविल्हे लावणे चुकत असे.
5. फॉन्ट वापरण्यासाठी अनेकदा प्रिंटरच्या खोबणीत कुलूपवजा डोंगल बसवावे लागे. ते हरवले किंवा नव्या संगणकाला ती खोबण नसली, तर स्वतःचाच जुना मजकूर उघडता येत नसे.

दीड-दोन दशकांत टंकित झालेली पुस्तके, दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल आणि स्थानिक नियतकालिके याच संकेतांत साठवली गेली. छापील प्रत ग्रंथालयात असते, परंतु तिची संगणकीय प्रत शोधता येत नाही. पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची झाल्यास जुनी फाइल परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावी लागते. अर्धा र, रफार आणि दुर्मीळ जोडाक्षरे यांत परिवर्तक चुकतात आणि संपूर्ण मजकूर पुन्हा तपासावा लागतो. ज्या पुस्तकांसाठी हा खर्च परवडत नाही, ती नव्याने टंकित करावी लागतात किंवा तशीच मागे पडतात.

## युनिकोडनंतर

युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश होता. तिची मांडणी इस्कीवर आधारलेली आहे. प्रत्यक्ष वापर मात्र विंडोज २००० पासून सुरू झाला. त्यातील 'मंगल' हा फॉन्ट र. कृ. जोशी यांनी आरेखित केला होता. मराठीचा अर्धा र युनिकोडमध्ये स्वतंत्र 'ऱ' संकेताद्वारे मिळतो. 'ॲ' या अक्षराला स्वतंत्र संकेत २००८ मधील ५.१ या आवृत्तीत मिळाला.

युनिकोडमध्ये मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठवला जातो आणि त्याला दृश्य रूप देण्याचे काम संगणक-प्रणालीतील आकारण-यंत्रणा करते. त्यामुळे अडचण फॉन्टकडून सॉफ्टवेअरकडे सरकली. २००१ मध्ये आलेली पेजमेकर ७.० ही त्या सॉफ्टवेअरची शेवटची मोठी आवृत्ती होती. तिला युनिकोड समजत नव्हते. तिच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची अधिकृत सोय २०१२ च्या सीएस-६ आवृत्तीत झाली. म्हणजे कार्यालयांत आणि महाजालावर मराठी युनिकोड रुळत असतानाही छपाईच्या कामात सुमारे दशकभर तिचा उपयोग करता येत नव्हता. लेखक युनिकोडमध्ये मजकूर पाठवी आणि डीटीपी केंद्रात तो पुन्हा जुन्या संकेतांत बदलला जाई. जुना संगणक, जुने विंडोज आणि पेजमेकर यांचा संच अनेक ठिकाणी दीर्घकाळ चालू राहण्यामागे हे कारण होते.

मुक्त सॉफ्टवेअरमध्येही हीच वाट दिसते. झीटेक या जुळणी-प्रणालीत देवनागरी युनिकोड तुलनेने लवकर वापरता आले, पण त्यासाठी आज्ञावली लिहावी लागते. स्क्रायबस हे पानजुळणीचे मुक्त सॉफ्टवेअर लिनक्सवर अनेक वर्षे उपलब्ध होते. देवनागरीची योग्य जुळणी त्यात २०१७ च्या १.५.३ या विकसन-आवृत्तीपासून, हार्फबझ या आकारण-यंत्रणेच्या साहाय्याने येऊ लागली. २०१९ मध्ये आलेल्या ॲफिनिटी पब्लिशरच्या सुरुवातीच्या आवृत्त्या इनडिझाइनपेक्षा स्वस्त होत्या, परंतु भारतीय लिप्यांची जुळणी त्यांत नव्हती. इंग्रजी प्रकाशकासाठी जो स्वस्त पर्याय होता, तो मराठी प्रकाशकासाठी पर्यायच नव्हता. १९८० च्या दशकात अमिगा आणि अटारी यांच्याबाबत घडले, त्याचीच ही पुनरावृत्ती होती.

फॉन्टच्या बाबतीत परिस्थिती अधिक समाधानकारक आहे. 'मुक्ता' आणि 'बालू' या एक टाइप संस्थेच्या फॉन्टसारखे मुक्त परवान्याचे देवनागरी फॉन्ट आता सर्व प्रमुख प्रणालींवर सारखेच चालतात. डोंगल किंवा विशिष्ट संगणक यांची गरज त्यांना नाही.

## मूल्यमापन

घरगुती संगणकांच्या अपयशाचे कारण बहुधा त्यांच्या यंत्ररचनेत शोधले जाते. ८-बिट संगणकांच्या बाबतीत ते योग्य आहे, कारण त्यांची स्मृती आणि पडदा खरोखरच अपुरे होते. अटारी एसटी आणि अमिगा यांच्या बाबतीत मात्र ते पुरेसे नाही. ही यंत्रे समकालीन मॅकिंटॉशच्या बरोबरीची होती आणि तरीही प्रिंटर, फिल्म-केंद्र आणि छापखाना यांच्याशी त्यांची साखळी जुळली नाही.

मराठीच्या संदर्भात या साखळीची लांबी वाढते. पीसी निवडला गेला तो सर्वोत्तम म्हणून नव्हे, तर मराठी अक्षरे त्याच्यावर उपलब्ध होती म्हणून. त्या निवडीमुळे कोल्हापूरसारख्या शहरांत छपाई स्वस्त आणि सुलभ झाली. मात्र अक्षरांचे संकेत एकेका कंपनीच्या ताब्यात राहिल्याने त्या काळातील मजकूर त्या त्या फॉन्टमध्ये अडकला. त्यामुळे एखादी प्रणाली मराठी डीटीपीसाठी योग्य आहे का, हे पाहताना आज तीन कसोट्या लावल्या जातात: ती देवनागरी युनिकोड मजकूर अचूक जुळवते का, छापखाना स्वीकारील अशी फाइल देते का, आणि तीच फाइल पुढे दुसऱ्या प्रणालीवर उघडता येईल का. पहिल्या दोन कसोट्या छपाईच्या पहिल्या दिवसापासून लागू होत्या. तिसरीचे महत्त्व जुन्या फाइल उघडेनाशा झाल्यावर लक्षात आले.